रुपेरी रंग दिलेला गिअरबॉक्स

बहरीनहून आल्यापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये मला दोनच गोष्टी विचारल्या जातात. सोनं किती आणलं, आणि तिथे पाहण्यासारखं काय आहे? सोनं आणलं नाही. पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं बरंचसं मी पाहिलंच नाही, कारण माझा निम्मा मुक्काम एका डिझेल पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये गेला. समुद्राकाठचा जुना किल्ला पाहिला तो उभ्या उभ्या. सीफ नावाच्या भागात नव्या उठलेल्या काचेच्या इमारती पाहिल्या त्या धावत्या बसमधून. गिअरबॉक्स मात्र आतून-बाहेरून पाहिला, आणि त्याच्यापायी आपल्याच एका मराठी माणसालाही. त्या माणसाचा राग अजून उतरलेला नाही. उतरायच्या आत लिहून टाकते.

हमद टाउन

माझा धाकटा भाऊ मिलिंद तिकडे एअर कंडिशनर दुरुस्तीच्या कामाला आहे. नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि मी त्याच्याकडे गेले. विमानतळावर तो घ्यायला आला होता आणि सोबत इक्बालभाई. इक्बालभाई रत्नागिरीकडचे. हमद टाउनमध्ये त्यांचं कोल्ड स्टोअर आहे. मला वाटलं, मासळी साठवायचं शीतगृह असेल. पण कोपऱ्यावरच्या साध्या किराणा दुकानालाच तिकडे कोल्ड स्टोअर म्हणतात. मिलिंद त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत राहतो आणि ड्यूटी सुटली की त्यांची पिकअप चालवून राजधानी मनामाच्या बाजारातून माल आणून देतो.

ती पिकअप म्हणजे पांढरी, लांबलचक, अमेरिकन गाडी. बसल्यावर शेजारच्या गाड्यांची टपं दिसतात. मी ऐटीत चढून बसले आणि दोन मिनिटांत खाली उतरले, कारण गाडी मागे जाईना. मिलिंदने दांडा रिव्हर्सला टाकला, इंजिन घुरघुरलं, गाडी ढिम्म. शेवटी इक्बालभाईंनी आणि मी बॉनेटला हात लावून ती मागे ढकलली. परदेशात पाऊल ठेवल्यावर मी केलेलं पहिलं काम हे. प्रवासासाठी म्हणून नवी साडी नेसले होते, तिच्या पदरावर काळे हात उमटले.

"गाडीला काय झालंय रे?" मी विचारलं.

"गिअरबॉक्स कामातून चाललाय, ताई. ही ऑटोमॅटिक आहे. हिला क्लचचं पेडल नसतं. आत तेलाच्या दाबाने प्लेटा एकमेकींवर आवळल्या जातात तेव्हा चाकं फिरतात. प्लेटा झिजल्या की इंजिन बोंबलतं आणि चाकं ऐकत नाहीत."

हमद टाउन म्हणजे एकसारख्या घरांच्या रांगा आणि गोल चौक. पत्ता सांगतानाही चौकाचा नंबरच सांगायचा. प्रत्येक चौकात गाडी थांबे, इंजिन नुसतं ओरडे, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी ती पुढे झेप घेई. मागचे लोक हॉर्न वाजवत. इक्बालभाई खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना "सबर, सबर" म्हणत होते.

घरी इक्बालभाईंच्या बायकोने, झुबेदाभाभींनी, जेवण मांडून ठेवलं होतं. हमूर नावाच्या तिकडच्या माशाचं कालवण, आणि त्यात दापोलीहून आलेलं कोकम. सोबत कोपऱ्यावरच्या भट्टीतली खुब्ज, म्हणजे परातीएवढी पातळ रोटी. आपल्याकडे भाकरी विकत आणली तर सासू चार दिवस बोलत नाही. तिकडे रोटी घरी भाजणारी बाई मला भेटली नाही. त्या कालवणाची चव मात्र आमच्या महाडच्या घरची. मी तसं म्हटल्यावर भाभी हसल्या. "ताई, खाडी एक, मीठ एक. चव कशी बदलंल?"

जेवताना कळलं, गाडी दोन दिवस बंद राहिली तर दुकानात भाजी नाही, दूध नाही, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागतं. समोरचं दुकान नुकतंच उघडलं होतं, चकचकीत होतं. इक्बालभाई त्याविषयी बोलायचं टाळत होते, पण हात धुताना दारातून एकदा तिकडे पाहून घेत होते.

"मिलिंदनं गॅरेज शोधलंय," ते म्हणाले. "तुमच्या मराठी माणसाचा. काम बरा करील."

सलमाबाद

सलमाबाद म्हणजे गॅरेजांचं गाव. पत्र्याच्या शेड, वाळूत मुरलेलं तेल, आणि हातोड्यांचा आवाज. आम्ही गेलो ते गॅरेज मोठं होतं. ते चालवणाऱ्या साहेबांचं नाव मी इथे लिहीत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात ते मिलिंदला भेटले होते आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "गाडीचं काही निघालं तर आपल्याकडेच यायचं. परमुलखात आपण आपल्या माणसाला नाही तर कुणाला धरायचं?" त्या वाक्यावर विसंबून मिलिंदने इक्बालभाईंना तिथे नेलं.

साहेबांनी मोठ्या अगत्याने स्वागत केलं. मराठी बोलायला मिळालं म्हणून मीही खुलले. एका पोऱ्याला चहा सांगण्यासाठी त्यांनी हात वर केला आणि मला विचारलं, "ताई, गाव कुठलं आपलं?"

"महाड."

"अरे वा! महाडात कुठे? आडनाव काय म्हणालात?"

"कांबळे."

"असं का," ते म्हणाले. वर केलेला हात त्यांनी केसांवरून फिरवला आणि खाली घेतला. चहा आला नाही.

मी ते पाहिलं. मिलिंदनेही पाहिलं असणार. आयुष्यभर हे पाहत आलो आहोत, त्यामुळे नजर आपोआप जाते. पण एका चहावरून काय म्हणायचं? मनात म्हटलं, विसरले असतील.

गाडीखाली डोकावून त्यांनी निदान केलं: गिअरबॉक्स उतरवून पूर्ण उघडायचा, सगळ्या प्लेटा, सगळी सील नवी, एकदम नव्यासारखं रिबिल्ड. पैसे आधी. इक्बालभाईंनी ते दिले. मग 'बुकरा' सुरू झालं. बुकरा म्हणजे उद्या. मी शिकलेला हा पहिला अरबी शब्द, आणि तो मला एका मराठी माणसाने शिकवला. रोज फोन करायचा, रोज बुकरा. तोवर इक्बालभाई टॅक्सीतून दुधाचे क्रेट आणत होते आणि मी बसने मनामा पाहत होते.

शेवटी गाडी मिळाली. साहेबांनी टॉर्च लावून खालून गिअरबॉक्स दाखवला. लखलखीत रुपेरी. "बघा. नवा वाटतोय की नाही?"

वाटत होता. गाडी घरापर्यंत नीट आली. रिव्हर्सही लागला. झुबेदाभाभींनी गाडीवरून मीठ-मिरच्या उतरवल्या.

झाडाच्या वाटेवर

बहरीनच्या दक्षिणेला वाळवंटात एक एकटं झाड आहे. पाणी नाही, शेजारी दुसरं झुडूप नाही, आणि हे शेकडो वर्षं हिरवं. शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही सगळे ते पाहायला निघालो. मी, मिलिंद आणि झुबेदाभाभी पुढे, इक्बालभाई मागे हौद्यात चटई टाकून. जाताना दोन्ही बाजूंना तेलाच्या विहिरींवरचे दांडे वरखाली होत होते, आणि हिवाळा असल्याने लोकांचे तंबूच तंबू. तिकडचे लोक थंडीत वाळवंटात तंबू ठोकून राहायला येतात, घरात सगळ्या सोयी असताना. आपल्याकडे ज्यांनी सक्तीने पालात दिवस काढले त्यांना ही हौस समजावून सांगणं कठीण आहे.

डांबरी रस्ता सोडून वाळूत शिरलो आणि थोड्याच वेळात जळका वास आला. मग तेच जुनं इंजिनाचं ओरडणं. मिलिंदने दांडा पुढे टाकला, मागे टाकला, पुन्हा पुढे. काहीच लागेना. खाली वाकून पाहिलं, तर रुपेरी रंगावरून काळं तेल ठिबकत होतं. नवं असताना ते तेल लाल असतं, सरबतासारखं.

मिलिंद वाळूत बसून राहिला. "मीच सांगितलं होतं यांना तिथे जायला," एवढंच म्हणाला.

इक्बालभाईंनी हौद्यातून उडी मारली. "तू काय गिअरबॉक्स आहेस? उठ."

जवळच्या तंबूतून एक उंच माणूस आमच्याकडे चालत आला. त्याचं नाव अबू जासिम. त्याने गाडीखाली पाहिलं, हात झटकले, "खलास" म्हणाला, आणि गाडीचा विषय बंद करून आम्हाला तंबूत घेऊन गेला. आत त्याची आई, बायको आणि मुलं होती. आईने मला हाताला धरून आपल्या शेजारी गालिच्यावर बसवलं. तिला मोडकं हिंदी येत होतं. तिचे वडील मोती विकायला मुंबईला जात, तेव्हा घरात हिंदी शब्द आले होते. "खाना खाया?" हा तिचा पहिला प्रश्न. "बच्चा कितना?" हा दुसरा. तिसरा प्रश्न तिने विचारला नाही. मोठ्या थाळ्यात मटणाचा मचबूस आला. भात आपल्या बिर्याणीपेक्षा ओलसर, आत वाळवलेल्या लिंबाची आंबट-कडवट चव. सगळ्यांनी त्या एकाच थाळ्यातून खाल्लं. म्हातारीने मटणाचा चांगला तुकडा बोटांनी सोडवून माझ्या पुढ्यात ठेवला, आणि मला तिथे एकदम रडू आलं. तिला वाटलं, तिखट लागलं. तिने दही मागवलं.

मला खरं तर संताप आला होता. माझ्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने मला गाव विचारलं आणि चहा परत घेतला. आणि इथे माझं नावही नीट उच्चारता न येणारी बाई मला भरवत होती.

ते झाड आम्ही लांबूनच पाहिलं.

पुन्हा सलमाबाद

अबू जासिमने रात्री आम्हाला घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जीपला दोर बांधून आमची पिकअप सलमाबादला ओढून आणली. साहेब बाहेर आले. आधी त्यांनी अबू जासिमला लवून सलाम केला. मग मिलिंदकडे वळले आणि हिंदीत, सगळ्या कामगारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हमने तो नया करके दिया था. चलानेवाले ने तोड़ दिया. इन लोगों को गाड़ी सँभालने की आदत नहीं होती. घर में कभी देखी हो तब ना."

हातोडे थांबले. मी मिलिंदकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. इक्बालभाईंचा चेहरा लाल झाला.

"'इन लोगों' म्हणजे कोण?" मी मराठीत विचारलं.

"अहो ताई, तुम्ही उगाच..."

"कोण? नाव घ्या."

"मी ड्रायव्हर लोकांबद्दल बोलतोय."

"माझा भाऊ ड्रायव्हर नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला त्याचं काम माहीत आहे, गाव माहीत आहे आणि आडनावही माहीत आहे. आता हा गिअरबॉक्स माझ्यासमोर उघडा. त्यात नव्या प्लेटा निघाल्या तर मी तुमची माफी मागते."

ते म्हणाले, आज माणसं नाहीत. माणसं आजूबाजूला पाने-हातोडे घेऊन उभी होती. ते म्हणाले, बुकरा. मी जवळच्या टायरवर बसले आणि सांगितलं, बुकरापर्यंत इथेच बसते. अबू जासिमला शब्द कळले नसतील, पण प्रकार कळला. तो दारात हाताची घडी घालून उभा राहिला आणि एकच म्हणाला, "ओपन. यल्ला." यल्ला म्हणजे चला, आवरा.

उघडला. बाहेर रुपेरी, आत काळा कोळसा. प्लेटांवरचं अस्तर जळून पापडासारखं सुटलं होतं, तळाच्या तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. एकही सील बदललेलं नव्हतं. फक्त बाहेरून धुऊन रंग मारला होता आणि वरून थोडं तेल ओतलं होतं. थोडे दिवस रेटण्यापुरतं.

साहेबांच्या चेहऱ्यावर लाज दिसेल असं मला वाटलं. दिसली ती नुसती अडचण. "मुलांनी घोळ घातला वाटतं," ते म्हणाले. "ठीक आहे, पुन्हा करून देतो. अजून काय पाहिजे?"

तेव्हा मिलिंद पुढे आला. "तुम्ही हात लावायचा नाही. सगळे भाग खोक्यांत भरा. आम्ही नेतो."

"अरे, कुठे नेणार? कोण करणार?"

"भरा," मिलिंद म्हणाला.

परतताना जीपमध्ये मी त्याच्यावरच चिडले. "तो एवढं बोलला आणि तू खाली काय बघत होतास? आपल्या घरात असं शिकवलंय?"

तो म्हणाला, "ताई, तू सुट्टीला आलीयेस. भांडशील आणि जाशील. मला इथे राहायचंय. हा माणूस प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत असतो. माझी कंपनी याच्याकडे गाड्या पाठवते. हे असलं पहिल्यांदा ऐकलं असतं तर मीही भांडलो असतो."

माझा राग दुप्पट झाला.

मुहर्रक

इक्बालभाईंच्या मामांचं मुहर्रकच्या जुन्या वस्तीत भाड्याचं घर आहे. अरुंद बोळ, जाड भिंती, मध्ये उघडं अंगण, आणि डोक्यावरून इतकी खाली विमानं जातात की बोलणं थांबवावं लागतं. जीपने ओढत आणलेली पिकअप बोळाच्या तोंडाशी उभी केली आणि त्या अंगणात आम्ही खोकी उतरवली. शेजारी रोडेल नावाचा फिलिपिनो राहत होता. विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्यांची देखभाल करणारा. मिलिंदने पूर्वी त्याच्या घरचा एसी दुरुस्त केला होता. मिलिंदला कॉम्प्रेसर, सील, दाब यांची सवय, रोडेलला गिअरबॉक्सची. दोघांनी मिळून करायचं ठरवलं. समुद्रावरच्या पुलापलीकडे, सौदीत दम्मामला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने प्लेटा आणि सीलचा पूर्ण संच आणून दिला. तेलाचा भोवरा फिरवून इंजिनाचा जोर पुढे देणारा जो मोठा डबा असतो, त्याच्यातही चुरा गेलेला, म्हणून तोही दुसरा मिळवला. माल आणायला अबू जासिमने आपली जीप इक्बालभाईंना वापरायला दिली. मागितली नव्हती.

काम कामावरून आल्यावर संध्याकाळी चाले. झुबेदाभाभींनी आपली सर्वांत जुनी चादर अंगणात अंथरली आणि सर्वांत मोठा बिर्याणीचा टोप दिला. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. त्या लाल तेलात बुडालेला टोप पाहून भाभी म्हणाल्या, "या टोपात आता ईदला काय करू?" पण परत मागितला नाही. मी सुटे भाग रॉकेलने धुऊन, पुसून, निघाले त्या क्रमाने चादरीवर मांडायचे. शाळेत मी विज्ञान शिकवते, द्रवाच्या दाबाचा धडा दरवर्षी फळ्यावर काढते. तो दाब हाताला असा कधी लागला नव्हता.

एका संध्याकाळी शेंगदाण्याएवढी पोलादी गोळी घरंगळली आणि दिसेनाशी झाली. तेलाची वाट उघडण्या-मिटण्यासाठी ती हवीच होती. रोडेल, मिलिंद, इक्बालभाई, मी, सगळे अंगणात रांगत होतो. वरून विमान गेलं. सापडली ती मोरीच्या जाळीत, भाभींना. त्यांनी ती साबणाने धुतली, ओढणीला पुसली आणि रोडेलच्या तळहातावर ठेवली.

बंद करायच्या आधी रोडेलने एकेका भोकातून दाबाची हवा सोडली. आत प्लेटा आवळल्याचा ठप्प असा गच्च आवाज आला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा ठप्प. मिलिंद माझ्याकडे वळून पाहायला लागला, लहानपणी पतंग वर गेल्यावर पाहायचा तसा.

गाडी सुरू झाली त्या दिवशी आम्ही मुहर्रकहून हमद टाउनपर्यंत आलो आणि मला गिअर बदललेला एकदाही कळला नाही. चौकांत मागच्यांनी हॉर्न वाजवले नाहीत. इक्बालभाई हौद्यातल्या भाजीच्या पोत्यांवर बसून गात होते.

दुकानात

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात बसले होते. मिलिंद गल्ल्यामागे होता, इक्बालभाई फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्या लावत होते. गर्दीची वेळ. बाहेर गाडी थांबली आणि गॅरेजवाले साहेब मिठाईचा खोका घेऊन आत आले. बातमी पसरली होती. जळक्या प्लेटा इक्बालभाईंनी दुकानाच्या दारात तारेला टांगून ठेवल्या होत्या, आणि येणारा-जाणारा विचारत होता, हे काय?

साहेबांनी खोका गल्ल्यावर ठेवला आणि पुढे वाकले. "मिलिंदराव," ते मराठीत, अगदी हळू म्हणाले, "झालं गेलं विसरून जा. माझ्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर माफ करा. तेवढ्या त्या प्लेटा काढून टाका. आपल्या लोकांत कशाला चर्चा?"

मी उठणार होते. मिलिंदने हाताने मला थांबवलं.

"साहेब," तो म्हणाला, "तिथे तुम्ही हिंदीत बोललात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग माफी मराठीत आणि कानात कशाला? इथे पण लोक आहेत. हिंदीत बोला. तेवढ्याच आवाजात."

दुकानात एक केरळी नर्स होती, खुब्जच्या भट्टीवरचा पठाण होता, दोन शाळकरी मुलींना घेऊन आलेली एक बहरीनी बाई होती. शब्द कळले नसले तरी सगळे थांबून पाहत होते. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. आम्ही वाट पाहिली. मग त्यांनी तोंड मिटलं, खोका उचलला आणि ते निघून गेले. माफीचे चार शब्द त्यांना गिअरबॉक्सहून जड झाले. तो राग मी घरी घेऊन आले आहे, आणि कुणी मला मोठ्या मनाने सोडून दे म्हणत असेल तर त्याने आधी त्यांच्याकडे जावं.

मिलिंदने दोन्ही हात गल्ल्यावर सपाट ठेवले. मग पठाणाकडे वळला.

"हाँ खानभाई, बोलो! क्या चाहिए?"

एवढ्या मोठ्या आवाजात मी त्याला त्या देशात गेल्यापासून बोलताना ऐकलं नव्हतं.